मुतवल्लीचा हिशेब

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात माण हे गाव आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानासाठी या गावच्या शिवारातील जमीन संपादित झाली. तीत ताबूत इनाम एंडोमेंट ट्रस्टची साडेआठ हेक्टरांहून थोडी अधिक जमीन होती. मोहरमच्या ताबुतांचा खर्च भागावा म्हणून पूर्वी कधीतरी कोणीतरी इनाम दिलेल्या या जमिनीला संगणक कंपन्यांच्या काळात कोट्यवधींचा मोबदला आला. ऑगस्ट 2021 मध्ये पुण्यातील बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. वक्फ मंडळाची बनावट कागदपत्रे दाखवून त्या मोबदल्यातील सुमारे पावणेआठ कोटी रुपये उचलले गेले, असा आरोप आहे. नोव्हेंबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने पुण्यात छापे घातले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण ज्या पैशावर मोहरमच्या परंपरेचा आणि गावातल्या गोरगरिबांचा हक्क, त्याचा हिशेब वर्षानुवर्षे कोण विचारत होते, हा प्रश्न न्यायालयाचा नाही. तो समाजाचा आहे आणि शासनाचाही.

व्यवसाय-व्यवस्थापनाविषयी इस्लामची दृष्टी कोणती, असा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच व्याजावर जाते. बिनव्याजी बँक असावी की नसावी, शरियतसंमत गुंतवणूक म्हणजे काय, यावर परिसंवाद होतात. व्याजाचा निषेध इस्लामी अर्थविचारात महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. पण त्या विचाराचा कणा आणखी खोलवर आहे. दुसऱ्याची मालमत्ता ज्याच्या हाती आली, तो तिचा मालक नसून राखणदार आहे आणि त्याने तिचा हिशेब देणे बंधनकारक आहे, हे ते तत्त्व. आधुनिक कंपनी-कायदा संचालकांकडून जे मागतो, तेच ही परंपरा मुतवल्लीकडून, म्हणजे वक्फ या धर्मादाय मालमत्तेच्या व्यवस्थापकाकडून, आणि व्यापारातील भागीदाराकडून मागत आली आहे. हे तत्त्व पाळले गेले तेव्हा संस्था टिकल्या आणि विसरले गेले तेव्हा बुडाल्या. कोकण आणि पुण्याचा गेल्या हजार वर्षांचा इतिहास याचीच साक्ष देतो.

सुरुवात कोकणातून करावी लागते, कारण मुसलमान व्यापारी महाराष्ट्रात प्रथम आले ते समुद्रमार्गे. आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळच्या चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, इसवी सन 926 चा आहे. संजाण परिसराचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. तो ताजिक, म्हणजे अरब वंशाचा होता आणि मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप, असे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने नदीवर विनामूल्य तरीची सोय केली, अन्नछत्र चालवले आणि एका मठाला जमीन दिली, असे तो ताम्रपट सांगतो. पुढे अकराव्या शतकात गोव्याच्या कदंब राजांच्या दरबारी अशाच एका ताजिक घराण्यातील माणूस उच्च पदावर होता. त्याने बांधलेल्या मशिदीचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांवरील करातून भागावा, अशी व्यवस्था राजाने लावून दिली. दान कोणत्या उत्पन्नातून आणि कोणत्या कामासाठी, हे दोन्ही ठिकाणी धातूवर कोरून ठेवलेले आहे.

याहून बारकाईने लिहिलेला दस्तऐवज गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळला आहे. होर्मूझचा जहाजमालक नुरुद्दीन फिरोज याने 1264 मध्ये तिथे मशीद बांधली. तिचा लेख संस्कृत आणि अरबी अशा दोन्ही भाषांत आहे. दिवाबत्ती, तेल, पाणी, कुराणपठण आणि सणांचा खर्च कशातून करायचा, हे त्यात नमूद आहे. खर्च भागून उरलेली रक्कम मक्का-मदिनेला पाठवायची. या सगळ्यावर देखरेख कोणाची, तर गावातील वेगवेगळ्या जमातींची: जहाजमालक, खलाशी, तेली आणि चुन्याचे काम करणारे कारागीर यांची. देणगी देणारा श्रीमंत परदेशी होता. तरी राखणदारी त्याने स्वतःच्या घराण्याकडे किंवा एकट्या माणसाकडे ठेवली नाही, एकमेकांवर नजर ठेवू शकतील अशा गटांकडे सोपवली. साडेसातशे वर्षांपूर्वीची ही विश्वस्त मंडळाची घटना आजही आदर्श म्हणून दाखवता येईल.

ही काळजी धर्मशास्त्रातूनच आली होती. कुराणातील सर्वांत लांब आयत उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. मापात पाप करणाऱ्यांवर तर एक स्वतंत्र सूरह आहे. प्रेषित महंमद स्वतः व्यापारी होते. खदीजा यांचा माल घेऊन ते सीरियाकडे गेले, ते त्यांच्या वतीने व्यापार करणारे म्हणून, मालाचे मालक म्हणून नव्हे. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम, या भागीदारीला पुढे फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, मुदारबा म्हटले गेले. तिचे नियम स्पष्ट आहेत. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. ठरावीक रकमेची हमी द्यायची नाही. तोटा झाला तर भांडवलदाराचे भांडवल जाते आणि श्रम करणाऱ्याची मेहनत वाया जाते. मात्र श्रम करणाऱ्याने हलगर्जी केली किंवा अटी मोडल्या, तर भरपाई त्याने द्यायची. नफा किती झाला हे कळल्याशिवाय वाटणी होऊच शकत नाही, म्हणून या करारात खरा हिशेब ही मूळ अट ठरते.

वक्फच्या बाबतीत हनफी पंथाच्या फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, याहून कडक बंधने घातली. वक्फ केलेली मालमत्ता विकता येत नाही, दान देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. वाकिफाने, म्हणजे दान करणाऱ्याने, घातलेल्या अटी मुतवल्लीवर बंधनकारक असतात. मुतवल्ली अप्रामाणिक निघाला तर काझी त्याला दूर करू शकतो, मग तो स्वतः दान करणारा का असेना. वक्फची जमीन दीर्घ मुदतीने भाड्याने देऊ नये, म्हणून शेतीसाठी साधारण तीन वर्षांची मर्यादा सांगितली गेली. मुतवल्लीने वक्फची जागा स्वतःला किंवा आपल्या मुलाबाळांना स्वस्तात देऊ नये, याविषयी फकीह विशेष सावध होते. 2013 च्या कंपनी कायद्यात संचालकांच्या नात्यागोत्यातील व्यवहारांसाठी कलम 188 आहे. वक्फच्या शास्त्राने तीच चिंता शेकडो वर्षे आधी व्यक्त केली होती. बाजारात वजनमापे, भेसळ आणि फसवणूक यांवर देखरेख ठेवायला मुहतसिब असे. मुघलांनीही हे पद ठेवले होते. पेशवाईत पुण्यात अशी बरीच कामे कोतवालीकडे होती.

दख्खनमध्ये निजामशाही-आदिलशाहीच्या काळापासून मशिदी, दर्गे, पीर आणि ताबूत यांना इनाम जमिनी मिळाल्या. शिवकाळात आणि पेशवाईत त्यांतील पुष्कळ चालू राहिल्या. हिंदू देवस्थानांची इनामे आणि पिरांची इनामे एकाच दफ्तरात, एकाच पद्धतीने लिहिली जात. इंग्रजांनी 1852 चा कायदा करून इनाम कमिशन नेमले आणि प्रत्येक इनामाची सनद तपासायला घेतली. देवस्थानांची इनामे बहुतांशी वाचली. पुणे जिल्ह्यातील तलाठी आजही ज्यांना वर्ग 3 ची देवस्थान इनामे म्हणतात, त्यांत मंदिरांच्या जमिनी आहेत तशाच मशिदी-दर्ग्यांच्याही आहेत. या जमिनी विकता येत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असते. पण शहर वाढले, शिवारात इमारती उभ्या राहिल्या, रस्ते आणि उद्योग आले, तसतसा या जमिनींवरचा डोळा मोठा होत गेला. राखणदारी मात्र पूर्वीइतकीच सैल राहिली.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत मुसलमान व्यापाऱ्यांनी नव्या व्यापाराशी आपली सांगड घातली. कोकणी मुसलमान जहाजमालक महंमद अली रोगे हे जमशेटजी जीजीभॉय यांच्या पेढीत भागीदार होते. त्याच पेढीत मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी आणि रोजेरियो द फारिया हे मूळचे गोव्याचे ख्रिस्ती व्यापारी होते. धर्म चार, वही एक. ज्याचा हिशेब खरा तो भागीदार, हा त्या काळच्या बाजाराचा न्याय होता. मात्र जुन्या शास्त्रात एक उणीवही होती आणि ती मान्य करायला हवी. भागीदारांपैकी एकाचा मृत्यू झाला की भागीदारी संपे. व्यक्तीपासून वेगळी, कायम टिकणारी कंपनी ही कल्पना त्या शास्त्रात पुरती विकसित झाली नव्हती. अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी मध्यपूर्वेच्या मागासलेपणाच्या कारणांत ही उणीव ठळकपणे मांडली आहे. टिकाऊ संस्था होती ती वक्फ. पण वाकिफाच्या अटींत बदल करणे कठीण असल्याने ती काळाबरोबर हलू शकली नाही. मुंबई-पुण्याच्या बोहरा, खोजा आणि मेमन व्यापाऱ्यांनी इंग्रजी कंपनी-कायदा स्वीकारला तेव्हा त्यांनी ही उणीव भरून काढली. धर्म सोडण्याची गरज त्यांना त्यासाठी पडली नाही.

खरा पेच समाजाच्या सामाईक पैशाचा होता. 1866 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खोजा समाजाचा खटला गाजला. समाजाची मालमत्ता आणि तिच्यावरचा अधिकार यांवरून आगाखान पहिले यांच्या विरोधात काही खोजे उभे राहिले होते. न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी निकाल आगाखानांच्या बाजूने दिला. त्यांचे वारस आगाखान तिसरे यांनी 1892 मध्ये पुण्याजवळ येरवड्याच्या बाजूला राजवाडा बांधला. दुष्काळात होरपळलेल्या लोकांना काम मिळावे हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. 1942 मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा याच वाड्यात स्थानबद्ध होते. 1969 मध्ये आगाखान चौथे यांनी ही वास्तू देशाला दिली. खोजा समाजात अधिकार एका व्यक्तीच्या हाती होता आणि त्या घराण्याने तो बराच काळ सार्वजनिक हितासाठी वापरला. पण व्यक्तीच्या सचोटीवर विसंबलेली व्यवस्था त्या व्यक्तीइतकीच टिकते.

म्हणूनच 1921 चा निकाल मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माथेरानची छोटी रेल्वे ज्यांच्या पैशातून उभी राहिली, त्या सर आदमजी पीरभॉय यांच्या मुलांनी पुढाकार घेतला आणि अ‍ॅडव्होकेट जनरलच्या नावे मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. दाऊदी बोहरा समाजातील मशिदीची, कबरीची आणि तिथल्या गल्ल्यात जमणाऱ्या पैशाची मालकी कोणाची, हा प्रश्न होता. धर्मगुरूंच्या बाजूने सांगितले गेले की हा पैसा त्यांच्या अधिकारातला आहे आणि त्याचा हिशेब मागता येणार नाही. न्यायमूर्ती मार्टन यांनी ठरवले की ही धर्मादाय मालमत्ता आहे, धर्मगुरू तिचे विश्वस्त आहेत आणि विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. न्यायालयाने धर्मगुरूंच्या आध्यात्मिक अधिकाराला हात लावला नाही. गल्ल्यातल्या पैशाला मात्र हात लावला. श्रद्धा आणि जमाखर्च यांतली ही रेघ आजही तितकीच उपयोगाची आहे.

यानंतर दोन वर्षांनी, 1923 मध्ये, मुसलमान वक्फ कायदा आला. वक्फच्या मालमत्तेचे नीट हिशेब ठेवले जावेत आणि ते प्रसिद्ध व्हावेत, हा हेतू त्या कायद्याच्या उद्देशिकेतच लिहिलेला होता. मुतवल्लीने दरवर्षी जिल्हा न्यायालयात हिशेब द्यायचा होता. वार्षिक उत्पन्न 2,000 रुपयांहून अधिक असेल, तर तो हिशेब कंपनी-कायद्याखाली पात्र ठरलेल्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायचा होता. शंभर वर्षांपूर्वी वक्फला आणि कंपनीला हिशेबाची एकच कसोटी लावली गेली, ही लहान गोष्ट नाही. पुढे मुंबई राज्यात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा झाला आणि पश्चिम महाराष्ट्रातील मंदिरे, मशिदी, दर्गे व शाळा एकाच धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आल्या. मराठवाड्यात मात्र 1954 चा वक्फ कायदा चालला. 1995 च्या कायद्यानंतर 4 जानेवारी 2002 रोजी महाराष्ट्राचे वक्फ मंडळ औरंगाबाद येथे स्थापन झाले. आता पुण्यातल्या मुस्लिम विश्वस्त संस्थांनी हिशेब कोणाला द्यायचा, धर्मादाय आयुक्तांना की वक्फ मंडळाला, यावर वाद सुरू झाला. 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाची स्थापना रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी ती वैध ठरवली, पण प्रत्येक मुस्लिम विश्वस्त संस्था म्हणजे वक्फ नव्हे, हेही स्पष्ट केले. या वीस वर्षांच्या संदिग्धतेत प्रामाणिक मुतवल्ली गोंधळले आणि अप्रामाणिकांना रान मोकळे मिळाले.

गेल्या शतकात पुण्याने चांगली उदाहरणेही घडवली. 1931 मध्ये इथे दी मुस्लिम को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. पुण्यात सहकाराची परंपरा कॉसमॉस बँकेपासून, म्हणजे 1906 पासूनची. मुस्लिम व्यापारी आणि कारागिरांनी त्या परंपरेत आपली संस्था उभी केली. ती व्याजावर चालते, रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली चालते आणि तिच्यात एका सभासदाला एकच मत असते. व्याजाच्या मुद्द्यावर कट्टर मुसलमान तिच्याविषयी आक्षेप घेऊ शकेल. पण सभासदांपुढे ताळेबंद ठेवणे, वार्षिक सभा घेणे आणि बाहेरून लेखापरीक्षण करून घेणे, या बाबतीत सहकारी बँक जुन्या शास्त्राच्या हेतूच्या जवळ आहे, असे मी म्हणेन. कॅम्पातील आझम कॅम्पस हे दुसरे उदाहरण. हाजी गुलाम महंमद आझम यांचे नाव लाभलेल्या या परिसरात महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी 1948 पासून काम करते आहे. बालवाडीपासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांपर्यंत आणि व्यवस्थापनशास्त्राच्या महाविद्यालयापर्यंत तिचा विस्तार झाला. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांविषयीचा 2005 मधला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींचा निकाल पी. ए. इनामदार खटला म्हणून ओळखला जातो. तो खटला याच पुण्याच्या शिक्षणविश्वातून गेला. दानाच्या जागेवर समाजाचे भविष्य कसे उभे राहते, हे या परिसरात रोज हजारो विद्यार्थी ये-जा करताना दिसते.

महाराष्ट्राच्या आणखी एका गावाचा उल्लेख इथे हवा. 29 डिसेंबर 1945 रोजी जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तेलाची एक कंपनी सुरू झाली. तीच आजची विप्रो. 1966 मध्ये वडिलांच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी परत आले, तेव्हा भागधारकांच्या सभेत एकाने त्यांना सगळे शेअर विकून बाहेर पडण्याचा सल्ला दिला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. प्रेमजींनी कंपनी सोडली नाही. अमळनेरच्या ज्या सामान्य माणसांनी ते शेअर जपून ठेवले, त्यांची संपत्ती कंपनीबरोबर वाढली. 2019 पर्यंत विप्रोच्या सुमारे 67 टक्के भागाचा आर्थिक लाभ प्रेमजींच्या प्रतिष्ठानाकडे गेला आणि दानाची एकूण रक्कम 1 लाख 45 हजार कोटी रुपये झाली. प्रेमजी या दानाला धर्माचे नाव देत नाहीत. ते गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीचा दाखला देतात. त्यामुळे त्यांचे काम कोणा एका धर्माच्या खात्यावर मांडणे गैर ठरेल. पण छोट्या भागधारकाला खरा ताळेबंद दाखवणारी कंपनीच मोठे दान करू शकते, एवढा धडा त्यातून नक्की घेता येतो.

दुसऱ्या बाजूला, धर्माच्या नावाने हिशेब झाकला तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. बेंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी ही कंपनी 2006 पासून हलाल गुंतवणूक म्हणून ठेवी गोळा करत होती. जून 2019 मध्ये ती कोसळली आणि हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांत मोलमजुरी करणारी माणसे होती, पेन्शनर होते, मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवणारे आईबाप होते. दर महिन्याला मिळणारा परतावा नफ्यातून येतो की नव्या ठेवीदारांच्या पैशातून, असे मुदारबाच्या नियमाने कोणी एकदा विचारले असते, तर ही इमारत खूप आधी उघडी पडली असती. व्याज नाही, एवढ्यावर लोक निर्धास्त झाले. जे शास्त्र हमखास परताव्याचे आश्वासनच निषिद्ध मानते, त्याच शास्त्राच्या नावावर हमखास परतावा विकला गेला. पुण्यातल्या ठेवीदारांना याची दुसरी बाजू ठाऊक आहे. 1912 मध्ये स्थापन झालेल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये तिचा परवाना रद्द झाला. त्या बँकेचा कोणत्याही धर्माच्या अर्थविचाराशी संबंध नव्हता. संचालकांवर अंकुश राहिला नाही की ठेवीदाराचा धर्म कोणता याने काहीही फरक पडत नाही.

बिनव्याजी बँकेच्या मागणीकडेही याच दृष्टीने पाहायला हवे. 2008 मध्ये रघुराम राजन समितीने अशा बँकिंगचा विचार व्हावा, असे सुचवले होते. 2016 मध्ये सोलापूर जिल्ह्यात लोकमंगल सहकारी बँकेने लहान प्रमाणात बिनव्याजी कर्जाचा प्रयोग केला. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचे ठरवल्याचे सांगितले. मुंबई शेअर बाजारात 2010 पासून शरियत निर्देशांक आहे. तो कंपनीचा व्यवसाय काय आणि तिच्यावर कर्ज किती, हे पाहतो. संचालक स्वतंत्र आहेत का, अल्पसंख्य भागधारकाला न्याय मिळतो का, कामगाराचे वेतन वेळेवर होते का, हे त्याच्या चाळणीत बसत नाही. बहरीनची आयोफी आणि क्वालालंपूरचे इस्लामिक फायनान्शियल सर्व्हिसेस बोर्ड या संस्थांनी शरियत-देखरेख मंडळांसाठी आणि संचालकांसाठी नियम लिहिले, कारण व्याज नाही एवढ्याने सुशासन येत नाही हे त्यांनाही अनुभवाने कळले. बिनव्याजी बँक आली तर तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण ज्या समाजाला आपल्या मशिदीच्या दुकानगाळ्यांचे भाडे किती येते हे माहीत नाही, त्याने आधी तो हिशेब मागावा.

हा हिशेब किती मोठा आहे, ते 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात आले आहे. देशात तेव्हा 4 लाख 90 हजार नोंदणीकृत वक्फ मालमत्ता होत्या आणि 6 लाख एकर जमीन होती. बाजारभावाने तिची किंमत 1 लाख 20 हजार कोटी रुपये धरली गेली. वर्षाचे उत्पन्न मात्र अवघे 163 कोटी. किमतीच्या दहा टक्के परतावा मिळाला असता, तर वर्षाला 12 हजार कोटी रुपये उभे राहिले असते. शाळा, वसतिगृहे, दवाखाने आणि विधवांच्या पेन्शनी या पैशातून झाल्या असत्या. तोट्याचे मोठे कारण अतिक्रमण, आणि त्यात शासकीय खातीही आहेत. पण स्वस्त भाडेपट्टे, सगेसोयऱ्यांना दिलेले गाळे आणि वर्षानुवर्षे न भरलेले हिशेब, यांची जबाबदारी समाजाला दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.

2025 च्या सुधारणा कायद्यावरून देशभर वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने 15 सप्टेंबर 2025 रोजी त्यातल्या काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती मालकी ठरवण्याचा अधिकार देण्याविषयीची शंका रास्त होती. ज्या शासनाची खाती स्वतः वक्फच्या जागांवर बसली आहेत, त्याच शासनाने निवाडा करावा, हे न्यायाला धरून नाही. देखरेखीचा अर्थ ताबा असा होऊ नये. पण याच कायद्यात वर्षाला 1 लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असलेल्या वक्फच्या लेखापरीक्षणाची तरतूद आहे. 6 जून 2025 रोजी सुरू झालेल्या उमीद पोर्टलवर मालमत्तांची नोंद मागितली गेली. या दोन गोष्टींना विरोध करताना आपण 1923 च्या मागे जातो, आणि फकिहांच्याही मागे जातो. कायद्याच्या अन्यायकारक कलमांशी लढणाऱ्याच्या हातात स्वच्छ ताळेबंद असेल, तर त्याच्या लढ्याला बळ येईल.

पुण्याला हे काम करून दाखवण्यासाठी जे हवे ते सगळे इथे आहे. कोंढव्यात राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आहे, विद्यापीठाच्या रस्त्यावर वैकुंठ मेहता सहकार संस्था आहे, आझम कॅम्पसमध्ये व्यवस्थापनाचे महाविद्यालय आहे आणि शहरात मुस्लिम सनदी लेखापाल व वकील आहेत. रविवार पेठेच्या बोहरी आळीत पिढ्यान्‌पिढ्या चोख वह्या लिहिणारे व्यापारी आहेत. 1970 मध्ये हमीद दलवाई यांनी याच शहरात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि आपल्या समाजाला अप्रिय प्रश्न विचारण्याची रीत इथे रुजवली. मग प्रत्येक मशिदीच्या, दर्ग्याच्या आणि कब्रस्तानच्या मुतवल्लीने दरवर्षी जमाखर्च दाराशी फलकावर का लावू नये? किती गाळे, कोणाला, किती भाड्याने आणि किती वर्षांसाठी, हे प्रत्येक नमाजीला वाचता यावे. मुतवल्लीच्या नातेवाइकाला दिलेली जागा वेगळी दाखवावी. समितीची मुदत ठरावीक असावी आणि तिच्यात स्त्रिया असाव्यात, कारण वक्फच्या पैशावर पहिला हक्क ज्यांचा सांगितला जातो, त्यांत विधवा आणि परित्यक्ता आहेत. वक्फ मंडळानेही हिशेब मागण्यापूर्वी स्वतःचे हिशेब वेळेवर प्रसिद्ध करावेत, आणि शासनाने आपल्या खात्यांनी व्यापलेल्या वक्फ जमिनींची यादी जाहीर करावी. हीच अपेक्षा मंदिरांच्या देवस्थान समित्यांकडून, सहकारी बँकांकडून आणि हिंजवडीतल्या कंपन्यांकडूनही आहे. सार्वजनिक पैशाला जात-धर्म नसतो.

मुतवल्लींना माझी विनंती आहे की, कायद्याने भाग पाडण्याची वाट पाहू नका. आणि नमाज पढून मशिदीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाचकाला सांगणे आहे की, या वर्षीचा जमाखर्च मागा. तो मागणे हा तुमचा हक्क आहे, आणि तुमच्या धर्माने शिकवलेले कर्तव्यही आहे.